साक्षीदाराच्या स्वयंपाकघरात

१४ सप्टेंबर

प्रोफेसर कीनबाईंनी आम्हा प्रत्येकाला एक निळी वही दिली आहे. विद्यापीठाच्या कायदा मदत केंद्रात काय केलं, काय चुकलं, काय शिकलो, ते त्यात लिहायचं आणि दर शुक्रवारी त्यांच्या टेबलावर ठेवायचं. त्या वहीत मी नम्र असते. ही दुसरी वही माझी. हिच्यात नम्रपणाची सक्ती नाही.

खरं सांगायचं तर मी बॉस्टनला शिकायला आलेली नाही, पदवीचा कागद न्यायला आलेय. डाकारच्या न्यायालयात अकरा वर्षं काळा झगा घालून उभी राहिलेय मी. आमच्याकडे वकिलाला ‘मेत्र’ म्हणतात; मेत्र सेनाबू बाजी येतायत म्हटलं की समोरचा वकील आधी घसा साफ करतो. पण हल्ली आमच्याकडचे मोठे करार इंग्रजीत होतात, म्हणून हे एक वर्षाचं एलएल.एम., मग जुलैत न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा, आणि मग थेट घर. बेत साधा आहे.

वर्गात मात्र विचित्र रीत. प्राध्यापक अचानक कुणाचंही नाव पुकारतात आणि प्रश्न टाकतात. उत्तर दिलं की त्यावर प्रश्न, त्यावर आणखी प्रश्न. बरोबर की चूक, ते काही केल्या सांगत नाहीत. आज माझं नाव पुकारलं. मी सवयीने उठून उभी राहिले, अंगावर नसलेला झगा सावरला आणि सरळ निकालच देऊन टाकला. सगळा वर्ग हसला. शेजारी बसणारा इडोंगेसित, नायजेरियाचा बॅरिस्टर, हळूच म्हणाला, "बसा मेत्र, बसा. इथे वाद घालायचा असतो, उपकार नाही करायचे."

याला मी बघून घेणार आहे.

१० ऑक्टोबर

पहिली केस मिळाली! अशील फ्रेंच बोलते, म्हणून ती आपोआप माझ्याकडे आली.

गेर्लीन एस्तिमे, मूळची हैतीची. डॉर्चेस्टरमध्ये राहत्या घरात पाळणाघर चालवते, सहा मुलं. १९ सप्टेंबरला सरकारी तपासनीस न सांगता आला. गाडी लावायला जागा शोधत घरासमोरून जाताना त्याला बाहेरच्या पायऱ्यांवर तीन वर्षांची एक मुलगी एकटी दिसली. दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून तो चालत येईपर्यंत मुलगी घरात होती. पण अहवालात त्याने लिहिलं, ‘मूल किमान दहा मिनिटं बाहेर एकटं.’ आता पाळणाघराचा परवाना रद्द करायची नोटीस आली आहे. २१ नोव्हेंबरला सुनावणी.

"मेत्र, अर्धं मिनिटसुद्धा नसेल हो," गेर्लीन रडत रडत सांगत होती. "बाळाचा लंगोट बदलत होते. वळून बघते तर ओडेट नाही. तशीच धावले. परवाना गेला तर मी काय करू? चौदा वर्षं दुसरं काही केलेलंच नाही मी. मुलं सोडून मला काही येत नाही."

मी म्हटलं, "बाई, डोळे पुसा. तुम्ही माझ्याकडे आलायत." आणि ते मी अगदी मनापासून म्हटलं.

पाहणारी एकच व्यक्ती आहे. शेजारच्या घराच्या ओसरीवर बसलेली एक म्हातारी, दोना बिबियाना ताव्हारेस. झालं तर मग. तिला बोलवायचं, ती सांगेल, केस जिंकलो.

११ ऑक्टोबर

कीनबाईंशी कडाक्याचं वाजलं.

त्या म्हणाल्या, "आधी जाऊन साक्षीदाराला भेट. तयारी करून घे तिची."

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. पुन्हा विचारलं. तेच म्हणाल्या.

आमच्याकडे वकिलाने सुनावणीआधी साक्षीदाराला गाठणं म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं. माझे गुरू मेत्र सांबू साक्षीदार समोरून आला तर रस्ता ओलांडायचे. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला एक साक्षीदार दिसला, तर उपाशी उठून घरी आले. बायको महिनाभर बोलली नाही, पण गुरुजी हलले नाहीत. आणि ही बाई मला म्हणते, तिच्या घरी जा!

"प्रोफेसर, हे मी करू शकत नाही," मी म्हटलं.

"इथे साक्षीदाराला न भेटता उभं करणं हा हलगर्जीपणा समजतात, सेनाबू. अशिलाचा घात. तुला नसेल जमत तर केस दुसऱ्या कुणाला देते."

केस दुसऱ्या कुणाला! बावीस वर्षांच्या पोरांना!

"जमेल," मी म्हटलं.

"तिला खरं सांगायला मदत कर. काय सांगायचं ते शिकवू नकोस. कळतोय फरक?"

मला न कळायला काय झालं?

२० ऑक्टोबर

वाचनालयात इडोंगेसित भेटला. त्याला सगळं सांगितलं तर पोट धरून हसला. "म्हणजे मेत्रबाई आता चोरीछुपे म्हातारीला भेटणार! अगं, आमच्याकडे रोजचं आहे हे. फक्त एक गोष्ट तिला पक्की सांगून ठेव. समोरचा वकील हमखास विचारेल की—"

"तू मला उलटतपासणी शिकवणार?" मी म्हटलं. "तू शाळेत होतास तेव्हा मी खुनाचे खटले चालवत होते."

"बरं बाई, राहिलं," म्हणाला आणि आपलं पुस्तक उघडून बसला. तोंड बंद करता आलं त्याचं, हे बरं झालं.

२६ ऑक्टोबर

गेले एकदाची. दोना बिबियानाच्या गल्लीत शिरताना दोनदा मागे वळून पाहिलं.

म्हातारी एकाहत्तरची, केप व्हर्दची. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी डाकारची म्हटल्यावर तिने हातातली सुरीच खाली ठेवली. "डाकार! अगं पोरी, मी तिथे चार वर्षं एका फ्रेंच बाईकडे स्वयंपाकाला होते! कुठल्या मोहल्ल्यातली तू?" मग काय, मोडक्या वोलोफमध्ये, आमच्या डाकारच्या बोलीत, तिचं जे सुरू झालं ते थांबेना. काशुपा शिजत होता, मक्याचे दाणे, घेवडा, हिरवी केळी, खारवलेलं डुकराचं मांस. मांस मी खात नाही म्हटल्यावर तिने ते तुकडा तुकडा वेचून काढलं आणि ताट पुढ्यात ठेवलं. साक्षीदाराच्या घरचं अन्न. गुरुजींची आठवण झाली, उचललेला घास परत ताटात ठेवला. पण वास असा होता की ठेवलेला घास पुन्हा उचलला.

मग १९ सप्टेंबरचं विचारलं.

"ओसरीवर केळं सोलत बसले होते," ती म्हणाली. "हिरवं. अर्धी साल निघाली तेवढ्यात ती ठमी बाहेर आली. मी म्हटलं, ओडेट, पायरी उतरू नकोस हं, माझ्याकडे बघ. बघत बसली माझ्याकडे. उरलेली साल माझ्या हातात होती तोवर गेर्लीन आली पळत आणि उचलून घेऊन गेली."

"किती वेळ झाला असेल?"

"सांगितलं की. अर्धं केळं."

आता केळ्याची साल ही काय वेळ सांगायची रीत झाली? न्यायासनापुढे असलं काही चालत नाही. यावर काम करावं लागणार.

९ नोव्हेंबर

आज काम फत्ते.

दुपारी पुन्हा गेले. आत शिरताच स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला. "ऊन नाहीये गं," म्हातारी म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

साक्षीतून केळं काढून टाकलं. घरून एक हिरवं केळं नेलं होतं, ते तिच्याकडून सोलून घेतलं, घड्याळ लावलं. अर्ध्याला चाळीस सेकंद. म्हटलं, आता केळ्याचं नावही काढायचं नाही, ‘अंदाजे चाळीस सेकंद’ एवढंच म्हणायचं. तिने सहा वेळा म्हणून दाखवलं. सहाव्यांदा अगदी बँकेतल्या बाईसारखं म्हणाली. दाराची कडी सैल होती वगैरे काहीतरी सुरू केलं होतं तिने, तेही थांबवलं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. निघताना तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, "दोना बिबियाना, मी इथे आले होते हे कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. कुणी विचारलंच, तर आपण कधी भेटलोच नाही."

"का गं? वाईट काही केलं का आपण?"

"नाही. पण बोलायचं नाही."

"बरं पोरी. तुझ्यासाठी गप्प बसेन," म्हणाली आणि आणखी एक ताट वाढलं.

इथले वकील बेसावध असतात. मी प्रत्येक फट बुजवली. याला म्हणतात अकरा वर्षांचा अनुभव.

निळ्या वहीत लिहिलं, ‘साक्षीदाराला दोनदा भेटले. तयारी समाधानकारक.’

१५ नोव्हेंबर

कीनबाई म्हणाल्या, सुनावणीआधी दोना बिबियानाला एकदा केंद्रात आण, मी समोरचा वकील होऊन तिला प्रश्न विचारते, सवय होईल तिला. मी म्हटलं, तिचे गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही. दुखतातच. खोटं काहीच बोलले नाही मी. पण केंद्र तळमजल्यावर आहे हे बाईंनी बोलून दाखवलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

२१ नोव्हेंबर

आजच लिहिते. नाही लिहिलं तर उद्या मी याची वेगळीच गोष्ट करीन. मला येतं ते.

छोटी खोली. टेबलाच्या टोकाला सुनावणी अधिकारी, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. एका बाजूला खात्याचा वकील प्रुइट आणि तो तपासनीस. दुसऱ्या बाजूला मी, गेर्लीन आणि माझ्या डावीकडे कीनबाई. तपासनिसाला मी दहा मिनिटांत मोकळं केलं. गाडीतून एकदा पाहिलं, मग पाहिलंच नाही, हे त्याच्याच तोंडून काढलं. गेर्लीनच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला.

मग दोना बिबियाना. रविवारी चर्चला घालायचा निळा पोशाख. हात वर करून शपथ घेतली. ‘अंदाजे चाळीस सेकंद’ अशा थाटात म्हणाली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

प्रुइट उठला. सभ्य माणूस, आवाजही चढवत नाही. "चाळीस. पन्नास नाही, एक मिनिट नाही. घड्याळ होतं हातात?"

"नाही."

"बरं. या सुनावणीआधी तुम्ही या वकीलबाईंना भेटला होतात?"

दोना बिबियानाने माझ्याकडे पाहिलं. काळजी करू नको, अशा नजरेने. आणि ठणकावून म्हणाली, "कध्धी नाही. आजच पहिल्यांदा बघतेय हिला."

कीनबाईंनी पेन खाली ठेवलं.

प्रुइट बसला. त्याला काही कळलं नव्हतं. अधिकारी पुढचा कागद उलटत होते. खोलीत हे खोटं आहे हे आम्हा तिघींनाच माहीत होतं, आणि चौथी गेर्लीन, जिला म्हातारीने कुंपणावरून सगळं सांगितलेलं होतं. मी गप्प बसले असते तर केस हातात होती. उठले तर आमची एकुलती एक साक्षीदार शपथेवर खोटी ठरणार, ती माझ्यामुळे, आणि न्यूयॉर्कच्या अर्जात चारित्र्याचे जे रकाने असतात त्यांत मला हे आयुष्यभर लिहावं लागणार. हा सगळा विचार एका श्वासात झाला. मनात गुरुजी आले. पंगतीतून उपाशी उठलेले. ते कशासाठी उठले होते, हे मला आज पहिल्यांदा कळलं. साक्षीदाराला विटाळ असतो म्हणून नव्हे. त्याच्या तोंडून निघेल ते त्याचंच असावं, म्हणून.

मी उठले. गेर्लीनने माझी बाही घट्ट धरली. "मेत्र, बसा," ती पुटपुटली. "माझी मुलं आहेत हो. बसा." मी तिची बोटं सोडवली. इतकं वाईट मला बापाला पुरतानाही वाटलं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "साक्षीदाराचं शेवटचं उत्तर बरोबर नाही. मी त्यांना त्यांच्या घरी दोनदा भेटले. आणि भेटलो असं सांगू नका, हे मीच सांगितलं होतं. माझ्या देशात अशी भेट चालत नाही. इथे चालते, हे मला सांगितलेलं होतं. तरी मी लपवली. चाळीस हा आकडाही माझा आहे. तोही काढून टाकावा."

कीनबाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी या विद्यार्थिनीची जबाबदार वकील आहे. भेटींना परवानगी माझी होती. लपवायला नव्हती." आणि बसल्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मिस बाजी, समोर आलेला वकील आपल्या साक्षीदाराला न भेटता आला, तर मला त्याची काळजी वाटते. तुम्ही तिला भेटलात यात काहीच नव्हतं. चूक आहे ती नंतरची." मग म्हातारीकडे वळले. "आणि तुम्ही, मिसेस ताव्हारेस? शपथ घेतली होती ना?"

"घेतली होती," दोना बिबियाना म्हणाली. "काय करू साहेब? ही पोर माझ्या घरी आली ती चोरासारखी. पडदा ओढून जेवली. दोन ताटं जेवली! मला वाटलं हिची नोकरी जाईल. एवढी शिकलेली, एवढ्या लांबून आलेली. मी म्हटलं, आपण म्हातारी, आपल्याला कोण काय करणार?"

प्रुइटने तोंडावर हात ठेवला. हसला असावा. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"आता कुणी सांगितलेलं नाही, तुम्ही पाहिलेलं सांगा," अधिकारी म्हणाले.

आणि तिने सांगितलं. केळं, अर्धी साल, ओडेट माझ्याकडे बघ, उरलेली साल. हाताने करून दाखवलं. वाकडी बोटं टेबलावरच्या नसलेल्या केळ्यावरून कशी फिरली, ते सगळे बघत राहिले.

"हिरवं केळं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "त्याची साल सहज निघत नाही म्हणतात."

"निघत नाहीच. पण पन्नास वर्षं सोलतेय मी. आणि ऐका, पोरगी एकटी नव्हतीच. मी होते ना. माझी नजर हलली नाही तिच्यावरून. हां, दाराची कडी सैल होती, ते मी गेर्लीनला दोनदा बोलले होते. म्हणाली, रविवारी बसवते. तेही लिहा."

गेर्लीनने मान खाली घातली.

प्रुइटने आणखी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर गेर्लीनने माझ्याकडे पाठ फिरवली. म्हातारीला हाताला धरून निघून गेली. बरोबरच आहे तिचं.

२२ नोव्हेंबर

कीनबाईंनी खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "तू उठलीस. नसतीस उठली तर मी उठले असते आणि तू आज या इमारतीत नसतीस. आता जे झालं ते स्वतःच्या हाताने लिहून दे. केंद्राच्या फायलीत राहील, आणि न्यूयॉर्कच्या अर्जाला जोडायचं."

"केस?"

"निकाल आला की कळेल."

इडोंगेसितला जिन्यात सांगितलं. "तू त्या दिवशी हेच सांगणार होतास ना?" विचारलं. त्याने मान हलवली. थट्टा करेल म्हणून वाट पाहिली, पण त्याने थट्टा केली नाही. कॉफी आणून दिली नुसती.

४ डिसेंबर

तीन मसुदे केले. तिसरा मला उत्तम वाटला होता. ‘दोन न्यायव्यवस्थांमधील भिन्न परंपरांमुळे गैरसमज निर्माण होऊन साक्षीदारास अयोग्य सूचना दिली गेली.’

कीनबाईंनी ‘दिली गेली’खाली रेघ मारून परत केला. समासात एकच शब्द होता, ‘कुणी?’

संध्याकाळी ही वही उघडली. ९ नोव्हेंबरचं पान वाचलं. पडदा, केळं, धरलेले हात, सगळं तिथे आहे, माझ्याच अक्षरात. फ्रेंचमधून इंग्रजीत उतरवून काढलं. एक वाक्य गाळलं नाही, फुशारकीचं तर नाहीच.

५ डिसेंबर

कीनबाईंनी माझ्यासमोर वाचलं. शेवटाशी थांबल्या. "‘याला म्हणतात अकरा वर्षांचा अनुभव.’ हे ठेवायचंय?"

"ठेवायचंय."

"न्यूयॉर्कवाले वाचतील."

"वाचू देत. मी त्यांच्यासमोर उभी राहीन. उभं राहायला येतं मला."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. सकाळी आलं होतं, पण माझा कागद हातात पडेपर्यंत त्यांनी दिलं नव्हतं. परवाना कायम. कडी बदलायची, सहा महिने जास्तीची तपासणी. निकालात एक ओळ, ‘साक्षीदाराने स्वतःच्या शब्दांत दिलेली माहिती, परवानाधारकाच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टींसह, विश्वासार्ह वाटते.’

मी खुर्चीतच रडले. अकरा वर्षांत निकाल ऐकून कधी रडले नव्हते.

"जानेवारीत नवी तुकडी येतेय," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराची तयारी, हा पहिला तास तू घेशील."

घेईन. माझ्याइतका चांगला कुणी घेऊच शकणार नाही.

८ डिसेंबर

गेर्लीनकडे गेले होते. दाराला नवी पितळी कडी. तिने ती तीन वेळा लावून उघडून दाखवली, मग म्हणाली, "त्या दिवशी तुमचा फार राग आला होता, मेत्र." मी म्हटलं, यायलाच हवा होता. मग तिने मला आत घेतलं, आणि ओडेटने तिचं चिकट बिस्किट माझ्या हातावर ठेवलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. "पोरी! तिकडे काय बिस्किटं खातेस? इकडे ये, काशुपा तयार आहे."

स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. पडदा दोन्ही बाजूंना सारलेला. दोना बिबियानाने खुर्ची मुद्दाम खिडकीशी ओढली. "इथे बैस. सगळ्या गल्लीला दिसू दे." समोरून चाललेल्या पोस्टमनला तिने काच ठोठावून सांगितलं, "ही माझी वकीलबाई!" पोस्टमनने हात केला. मीही केला.

दोन ताटं जेवले. निळ्या वहीत लिहिलंय.